गल्लीच्या गोलातला एक मीटर

मित्रांनो, मी तीस मीटरची एक म्हातारी टेप आहे. तीस मीटर असं माझ्या डबीवर लिहिलंय म्हणून सांगते. प्रत्यक्षात मी तळहातभर कमीच भरते. ते टोक कुठे गेलं, याच्या माझ्याकडे निदान तीन गोष्टी आहेत. एका गोष्टीत ते वाघाने खाल्लं. दुसरीत नदीचं पात्र मोजताना मगरीने ओढलं, आणि टोक सोडायला तयार नव्हती म्हणून मी तिलाच काठापर्यंत फरफटत आणली. तिसरी गोष्ट खरी आहे, त्यामुळे फुसकी आहे. गाडीचं दार धाडकन लागलं आणि टोक कडीसकट तुटलं. थापा मारायची मला जुनी खोड आहे. पण आज जे सांगायला बसले आहे, त्यात एक धागाही ताणणार नाही. ती माझ्या अपराधाची गोष्ट आहे.

जाड कापडात बारीक तारा विणून मला घडवलं. वर पिवळा रंग, त्यावर काळे आकडे आणि दर मीटरला लाल रेघ. मग चामड्याची गोल डबी, गुंडाळायला पितळी मूठ, आणि माझी रवानगी नगरपालिकेच्या नगररचना शाखेत झाली. तिथे माझी दोन माणसं होती. एक मोजणीदार. ‘सूतभरही इकडे-तिकडे चालणार नाही’ हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत, म्हणून अख्ख्या कचेरीत त्यांना सूतभर म्हणत. दुसऱ्या नकाशाताई. त्या नकाशे काढत आणि शाखेची नियमपुस्तिका त्यांना तोंडपाठ होती.

मोकळ्या रानाचे प्लॉट पाडायचे म्हणजे नुसत्या रेघा ओढायच्या नसतात, हे मला नकाशाताईंमुळे कळलं. रस्ता किती रुंद, प्लॉटचं तोंड किती मीटरचं, घरांची एक रांग किती लांब झाली की मधून पायवाट सोडायची, सगळं त्या पुस्तिकेत लिहिलेलं असे. रस्त्याच्या वळणावरच्या प्लॉटचा कोपरा छाटायचा, म्हणजे पलीकडून येणारी सायकल दिसते. गल्ली पुढे बंद होत असेल, तर ती दीडशे मीटरपेक्षा लांब नको आणि तिच्या शेवटाला मोठी गाडी वळेल एवढा गोल हवा. मध्यापासून कडेपर्यंत नऊ मीटर.

“नऊच का?” एकदा एका प्लॉटवाल्याने विचारलं होतं. “साडेआठ केले तर आभाळ कोसळेल का?”

“आभाळ नाही कोसळणार,” नकाशाताई म्हणाल्या, “पण तुमच्या घरी आग लागली की बंब मागे मागे जाईल. मग त्याच्याशी घाला वाद.”

मला त्या दिवसांचा फार अभिमान आहे. मी शाळांची मैदानं मोजली, बागा मोजल्या, एकदा तर एका ढगाची सावली मोजली. बरं, ती थाप आहे. सवय जाता जात नाही.

माझं टोक तुटल्यावर नवी टेप मागवायला हवी होती, निदान मला दुरुस्त तरी करायला हवं होतं. पण सूतभर म्हणाले, “कशाला? एक धरून मोजू, एक कापून लिहू.” म्हणजे शून्याऐवजी एक मीटरची लाल रेघ खुंटीवर धरायची आणि जो आकडा येईल त्यातून एक कमी करायचा. चूक होऊ नये म्हणून दोघांनी रीतही पाडली. खुंटीपाशी बसलेले सूतभर ओरडत, “एक!” दुसऱ्या टोकाकडून नकाशाताई ओरडत, “कापला!” हे ऐकू आल्याशिवाय कुणी हलायचं नाही. अशी चार वर्षं आम्ही काढली. माझी मोडकी बाजू सगळ्यांच्या अंगवळणी पडली आणि मीही सुखावले. दुरुस्तीच्या सुईपेक्षा ते बरं वाटत होतं.

मग एक बंद गल्ली आखायला आम्ही गेलो. एकशे चाळीस मीटर लांब, दोन्हीकडे घरांचे प्लॉट, शेवटाला गोल. त्या दिवशी नकाशाताईंचा घसा बसला होता. आवाज म्हणाल तर उंदराएवढा. सूतभरांनी मध्याच्या खुंटीवर माझी लाल रेघ धरली आणि हाक दिली, “एक!” ताईंनी नुसता हात वर केला. सूतभर समजले, ताईंनी एक मीटर वाढवून धरलंय. ताई समजल्या, ते सूतभर बघून घेतील. ताईंनी मला नऊच्या आकड्यावर पकडलं, ताणलं आणि खुंटीभोवती गरागरा फिरत चुन्याने गोल आखला.

मला दहावर धरायला हवं होतं, मित्रांनो, म्हणजे एक कापून नऊ उरले असते. गोल नऊचा नाही, आठचा आखला गेला. मला ते कळत होतं. मला न कळून कसं चालेल? मी ताणले जात होते आणि आतून ओरडत होते. नाही, हेही खरं नाही. टेपला ओरडता येत नाही. खरं हे की मला वाऱ्यात गोल गोल फिरायला मजा वाटत होती.

चुन्यावर दगड बसले, दगडांना लागून कुंपणाच्या भिंती उठल्या. गोलाभोवतीच्या पाच घरांना एक-एक मीटर जास्तीचं अंगण मिळालं. जागा कमी निघाली की माणूस कचेरी डोक्यावर घेतो. जास्त निघाली की कुणाला टेप आठवत नाही. कागदावर नऊ होतं. मलाही डबीत गुंडाळून ठेवलं आणि मी विसरायचा प्रयत्न केला.

त्या गोलावरच्या शेवटच्या घरात एक शिवणकाम करणारी बाई राहायला आली. सोबत तिची भाची. मुलीच्या डाव्या पायाला लोखंडी पट्टी, काखेत कुबडी. शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी थांबायची. आत आली तर वळता येत नाही, म्हणून. रोज सकाळी एकशे चाळीस मीटर जायचं आणि दुपारी एकशे चाळीस मीटर यायचं. दोनदा ती पडली. दुसऱ्यांदा हनुवटीला टाके पडले.

आत्या बसवाल्यावर तुटून पडली. “अहो, दारापर्यंत आणली तर तुमच्या बसचे पाय दुखतात का?”

“ताई, बस आहे ती, भोवरा नाही,” बसवाले काका म्हणाले. “एकदा आणली होती. भिंतीला घासली आणि मला मुलांना आत ठेवून उलटी काढावी लागली. मागे कोण पोर आलं असतं तर?”

“नकाशात जागा आहे! मी कचेरीत बघून आलेय. तुम्हालाच चालवता येत नाही.”

आत्याने तक्रार केली. शाळेने काकांना सांगितलं, जागा नियमाप्रमाणे असेल तर तुमची नोकरी गेली. आणि जागा मोजायला नगरपालिकेने कुणाला पाठवलं? सूतभरांना, नकाशाताईंना आणि मला.

आखणीनंतर पाच वर्षांनी मी पुन्हा त्या गोलात उतरले. घरांच्या दारांत माणसं उभी होती. बसवाले काका हात मागे बांधून उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. सूतभर खिशातून चष्मा काढत म्हणाले, “मध्यावर कुणीतरी टोक धरा.”

“मी धरतो,” काका म्हणाले आणि खाली बसले. त्यांना आमची रीत कोण सांगणार? त्यांनी माझं तुटकं टोक जसं होतं तसं खुंटीच्या जागेवर टेकवलं. सूतभर मला घेऊन भिंतीपर्यंत चालत गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. आठ मीटर आणि वर तळहातभर. तळहातभर माझं हरवलेलं होतं. म्हणजे आठ.

त्यांचा अंगठा माझ्या आकड्यावरून दोनदा फिरला. त्यांना ती सकाळ आठवली होती, मला जाणवलं. नुसतं म्हणायचं होतं, ‘काका, लाल रेघ धरा’. मग आकडा नऊचा आला असता आणि एक कापायचं पुन्हा राहून गेलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. काकांची नोकरी गेली असती, एवढंच.

“किती लिहू?” वही उघडून नकाशाताईंनी विचारलं.

सूतभरांनी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा पाहिला.

“अहो, किती?”

“आठ लिहा,” ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यात कचेरीतला रुबाब नव्हता. “आणि खाली लिहा, आखलं त्या दिवशीही आठच होतं. एक कापायचा राहिला. माझ्याकडून.”

नकाशाताईंनी पेन्सिल थांबवली. “तुमच्याकडून काय? हात मी वर केला होता.”

काका उठून उभे राहिले. त्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या मात्र सूतभरांकडे बघत होती. “तीन वर्षं मी या माणसाला शिव्या घालतेय,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही कुठे होता हो?”

सूतभरांनी वही मागून घेतली आणि आठच्या खाली सही केली.

चौकशी झाली. सूतभरांची मोजणी काढून घेऊन त्यांना टपालाच्या टेबलावर बसवलं. नकाशाताईंना ताकीद मिळाली. पण भिंती ताकिदीने मागे सरत नाहीत. मग संध्याकाळी सूतभर त्या पाच दारांत जाऊ लागले, मला काखेत मारून. “एक मीटर परत द्या, चूक आमची, भिंत आम्ही बांधून देतो.” पहिल्या घराने चहा पाजला आणि नाही म्हटलं. दुसऱ्या घरातले आजोबा म्हणाले, “आता काय तर अंगण मागताय, उद्या स्वयंपाकघर मागाल!” चौथ्या घरातल्या सुनेने तर दारातच सुनावलं, “तुमच्या टेपला आधी अक्कल घाला.” ते मला लागलं, पण खोटं नव्हतं.

आत्याने स्वतःची भिंत सगळ्यांच्या आधी पाडायला लावली. मग आजोबा विरघळले, मग सून, मग तिसरं घर. चार भिंती मागे सरल्या. पाचवी, चहा पाजणाऱ्या पहिल्या घराची, अजून तशीच आहे. त्यामुळे बस आत येते, तिथे एकदा मागे घ्यावी लागते, काका खिडकीतून डोकं काढून त्या घराला दोन शब्द ऐकवतात, आणि बस वळते. मुलगी दारातून चार पावलांत चढते.

सगळं नीट झालं, असं म्हणून मी गोष्ट संपवली असती. माझ्यासारखीला ते अवघड नाही. पण मी मोजायची टेप आहे. जाऊन-येऊन दोनशे ऐंशी मीटर, वर्षाला दोनशे वीस दिवस, तीन वर्षं. जवळपास एकशे पंच्याऐंशी किलोमीटर होतात. एवढं ते लेकरू माझ्यापायी कुबडीवर चाललं. भिंत मागे घेता येते, ही वाट नाही घेता येत.

मित्रांनो, तुमच्या घरात, दप्तरात काहीतरी मोडकं असेलच. त्याच्याशी जमवून घ्यायची सोपी रीत तुम्हीही शोधली असेल, आणि ती बरीच वर्षं चाललीही असेल. तरी ते आजच दुरुस्त करा. आणि कुणी नुसता हात वर केला, तर जवळ चालत जा आणि विचारा, “कापला का?” चार पावलं तुमची जातील. जाऊ द्या.