तोंडावरचा पदर

लग्नाची आमंत्रणं वाटून झाली आणि ऋतिकेने लग्नाला नकार दिला! पार्से गावची तिची आई कमलाक्षी हादरलीच. बावीस वर्षांची ऋतिका जन्मतः बहिरी. ओठ वाचते, हातांनी बोलते, लिहिते. सर्वण गावचा गौरेशही बहिराच, आणि दोघांनी एकमेकांना आपणहून पसंत केलेलं. मग बिघडलं कुठे? कमलाक्षीने देवळात कौल लावला, भटजींना कुंडल्या पुन्हा दाखवल्या. मुलीला मात्र धड विचारलं नाही.

शेवटी ती लेकीला घेऊन आरोग्य उपकेंद्रात शुभांगी सिस्टरांकडे आली. शुभांगी कोल्हापूरकडची, बोलायला रोखठोक.

"मावशी, मला खुणा येत नाहीत. तुम्हीच विचारा तिला. अंगावरून पांढरं जातं का? खाज, आग? कुणी काही जबरदस्ती केली का?"

कमलाक्षीने लाजून पदर तोंडाला लावला आणि लेकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. ऋतिकेने सवयीने मान हलवली.

"काय नाय म्हणता."

"बहिऱ्या पोरीच्या कानात कुजबुजताय व्हय, मावशी!"

कमलाक्षी ओशाळली. "असलां उघड कसां बोलूचां? लगीन झाल्यार आपोआप कळतां. आमकां कोणी शिकवलां?"

"तुमच्या कानावर पडलं की! विहिरीवर, लग्नघरात, बायकांच्या थट्टेत. हिच्या कानावर काय पडणार?"

सिस्टरांचे ओठ वाचत असलेल्या ऋतिकेने टेबलावरचं पेन ओढलं आणि लिहिलं, 'दोन महिने खाज. पांढरं जातं. मोबाइलवर बघितलं, हा एड्स. गौरेशला होईल, म्हणून लग्न नको. आई, तू तोंड झाकतेस, मला काही कळत नाही.'

कमलाक्षीने ते वाचलं आणि तोंडावरचा पदर खाली ओढला. पोर दोन महिने एकटी मरणाची वाट बघत होती!

डॉक्टरांनी तपासलं. साधाच संसर्ग, औषधाने बरा होणारा. एड्ससाठी तपासलेलं रक्तही ठीक निघालं, आणि लग्न पुन्हा ठरलं. पुढच्या रविवारी सांकेतिक भाषा शिकवणारी सिद्धी आली. रोग कसा पसरतो, चेहरा बघून तो का कळत नाही, निरोध कसा वापरायचा, नको असेल तेव्हा ठाम नकार कसा द्यायचा, सगळं तिने हातांनी सांगितलं. गौरेशलाही बोलावलं होतं, त्याचे प्रश्न तर संपता संपेनात. कमलाक्षीही खुणा शिकायला बसली. तिची बोटं चुकली की ऋतिका खदखदून हसे.

लग्नाला चार दिवस उरले असताना अंगणात कमलाक्षीने लेकीला खुणेने आणि मोठ्या आवाजात विचारलं, "निरोध घेतलंस मां?"

कुंपणापलीकडची वत्सला दचकली. "अगे बाये! लाज नाय तुका?"

"होती गो. त्या लाजेपायी माजां ह्यां चेडू घुसमटान मेलां असतां. तुज्या लेकीक, सायलीक तू कायतरी सांगलंस?"

 वत्सला कुंपणाला वळसा घालून आत आली आणि पायरीवर बसली. "सांग. पयलां माकाच सांग."

वाचकहो, लाज आपली असते, धोका मात्र मुलांच्या वाट्याला येतो. बहिऱ्या मुलांना शरीराचं ज्ञान त्यांच्या भाषेत, त्यांच्याकडे तोंड करून द्या, आणि वेळेवर द्या!