पंख्याची घरघर

बाबांनी सकाळपासून चौथ्यांदा बटण दाबलं. पंखा घरघरला, सात-आठ मिनिटं चालला आणि कॉम्प्युटर पुन्हा आपोआप बंद पडला.

"पोरी, आण ना गं त्याला परत," बाबा म्हणाले.

बाबा म्हणजे माझे सासरे. ते बोलवत होते माझ्या नवऱ्याला, आणि तो जाऊन वर्ष झालं होतं. आमचं दोघांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आता मी एकटी चालवते. घरातल्या त्याच्या मशीनला मात्र बाबा मला हात लावू देत नव्हते. उठल्या उठल्या ते सुरू करायचे आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचे. पंखा घरघरतोय म्हणजे मुलगा खोलीत कामाला बसलाय, असा त्यांचा हिशेब. दिवसभर त्याच्याशी गप्पा चालायच्या, आणि मी ताट आणलं तर "ठेव तिकडे" एवढंच. आधी मला भयंकर राग यायचा. मग मीही ती घरघर ऐकत दाराशी घुटमळायला लागले, पण ते कुणाला सांगितलं नाही.

"प्रोसेसर तापतोय, बाबा. त्यावर पंख्यासकट नवा कूलर बसवला की बंद पडणार नाही."

"आणि आवाज?"

"नव्याला आवाज नसतो." खोटं बोलणं मला कधी जमलंच नाही.

"नाही बसवला तर?"

"जळेल एक दिवस."

त्यांनी मशीनच्या डब्यावर हात ठेवला. मग खुर्ची मागे सरकवली. "बसव."

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली सुकलेली पेस्ट ऊब लागली की सुटते, म्हणून आधी मशीन चालू केलं. ती शेवटची घरघर आहे हे दोघांनाही माहीत होतं. बाबा खुर्ची पुन्हा जवळ ओढून ऐकत राहिले. पंखा थांबल्यावर मी वायर काढली, स्क्रू सोडवले, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवून उचलला आणि बघतच राहिले.

कूलरच्या तळाला प्लास्टिकचा पारदर्शक कागद तसाच होता. तो सोलायचा आणि मगच कूलर बसवायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. दुकानात कुणी विसरलं की हाच माणूस आकांडतांडव करायचा, आणि स्वतःच्या मशीनला कागद ठेवून मोकळा! उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून पंखा बिचारा पाच वर्षं जीव तोडून पळत होता. बाबा ज्याला मुलगा समजत होते, ती त्याची घाईत झालेली चूक होती. भांडायला तोंड उघडलं तर भांडायला माणूसच नाही. मला इतकं रडू आलं की चष्मा काढावा लागला.

"काय गं, काय निघालं?"

"धूळ," मी म्हटलं आणि कागद मुठीत चुरगळला. या खेपेला खोटं बरोबर जमलं.

प्रोसेसर स्पिरिटने लख्ख पुसला. मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, वरून नवा कूलर सरळ टेकवला, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेले आणि पंख्याची वायर जोडली. बटण बाबांनीच दाबलं.

स्क्रीन उजळला, पण आवाज काही आला नाही. बाबांनी डब्याला कान लावला. मग मागे हात धरला, तर वारा लागत होता. अर्धा तास गेला तरी मशीन बंद पडलं नाही. काम अगदी चोख झालं होतं, आणि माझ्याच हाताने मी त्याला घराबाहेर काढल्यासारखं मला वाटत होतं.

"आता नाही यायचा तो," बाबा शांतपणे म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरी, तू जेवलीस का?"

या प्रश्नाची मी किती वाट पाहिली होती! पण खोलीत आवाज नव्हता हे मला कळत होतं, आणि तरी माझ्या कानांत घरघर सुरू झाली होती, अगदी स्पष्ट, जवळून.

"हळू बोला, बाबा," मी म्हटलं. "तो कामाला बसलाय."