चंदनाने बुजलेलं माझं तोंड

मित्रांनो, मी एक जुना, चिकट आणि वैतागलेला स्मार्टफोन आहे. चिकट हा शब्द उगाच वापरलेला नाही. मला हातात घ्याल तर आधी तुम्हीच हात झटकाल!

माझा जन्म चेन्नईबाहेरच्या एका कारखान्यात झाला. तिथे हातमोजे घातलेल्या ताया मला इतक्या हलकेच उचलायच्या, की मला वाटलं, सगळं जग असंच स्वच्छ असतं. मग नुंगंबाक्कमच्या एका दुकानातून मी एग्मोरला वसंतराव आजोबांच्या घरी आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, खाता खाता माझ्या तोंडावरून अंगठा फिरवला. ईऽऽ! तेल, मीठ आणि वर दोन तीळ!

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. घराणं तंजावरचं, त्यामुळे त्यांची मराठीसुद्धा तमिळच्या चालीवर डुलायची. दुपारी आरामखुर्चीत बसून ते माझ्यापुढे बोलायचे आणि मी ते साठवायचो. शेजाऱ्यांचं भांडण, गॅलरीतला आगाऊ कावळा, सुनेची कॉफी, काही म्हणजे काही सुटायचं नाही. "घरची भाषा आहे, श्रीरंजनीला ऐकायला राहील," म्हणायचे. श्रीरंजनी म्हणजे त्यांची दहावीतली नात. बोलता बोलता आजोबांची थुंकी माझ्या कॅमेऱ्यावर उडायची, ती ते शर्टाने पुसायचे आणि ती आणखी पसरायची. शिसारी यायची नुसती! पण "हा माझा सेक्रेटरी," असं ते आल्यागेल्याला सांगायचे, तेव्हा जरा बरंही वाटायचं.

खरा कहर मात्र आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला. त्या दिवशी घरातल्या कामाच्या सगळ्या वस्तूंना गंध लागतं. स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र आणि मी. स्क्रीनवर डाग नको म्हणून आजोबा चंदनाचा ओला गोळा माझ्या खालच्या कडेला थापायचे. म्हणजे नेमका चार्जिंगच्या भोकावर आणि शेजारच्या स्पीकरच्या जाळीवर! दरवर्षी! आतलं चंदन वाळलं, त्यावर खिशातली धूळ, विभूती आणि मुरुक्कूचा चुरा बसला. तुमच्या तोंडात कोणी दरवर्षी चिखल भरला आणि वर हात जोडले, तर कसं वाटेल?

चार्जरची पिन नीट आत जाईना. मग ती तिरकी खुपसायची, रबरबँड गुंडाळायचं आणि वर इडलीपोडीचा, म्हणजे इडलीवरच्या तिखट पुडीचा डबा ठेवायचा. डबाही तेलकट. माझं पोट कधी भरलंच नाही. बॅटरी वाचवायची सोय कायमची चालू, मी कायमचा अर्धमेला.

या उन्हाळ्यात आजोबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांच्याच आवाजातलं रोजचं बोलणं ऐकवा. ऐकून ऐकून ओठ हलतील."

आणि सगळ्यांना मी आठवलो! पण माझा आवाज उशीखालून आल्यासारखा. एकेक व्हिडिओ पाठवायला गेले की अर्ध्यातच माझे डोळे मिटायचे. तेव्हा श्रीरंजनीचे अप्पा, म्हणजे अनंतकृष्ण, म्हणाले, "क्लाउडवर एकदा बॅकअप घेऊ, मग कशावरही लावता येईल." बटण दाबलं. मी दाखवलं, 'बॅकअप थांबला आहे.'

अप्पांनी वायफायला शिव्या दिल्या. मला राउटरला चिकटवून धरलं, गच्चीवर नेलं. घामट हातात, बरं का! मग जागा कमी पडत असेल म्हणून सुप्रभातचे गुलाब पुसले. दवबिंदूंचे, समईचे, पोपटांचे शेकडो गुलाब! उलटी झाल्यावर हलकं वाटतं तसं वाटलं. पण बॅकअप ढिम्म.

शेवटी दुरुस्तीचं दुकान. तिथला माणूस कान कोरत कोरत तमिळमध्ये म्हणाला, "फुल रीसेट मारतो, सार. मग बॅकअप पक्का चालेल." आणि त्याच बोटाने मला उचललं.

"आणि आतलं?" श्रीरंजनीने विचारलं.

"आतलं जाईल, पापा. फोन एकदम क्लीन!" पापा म्हणजे तमिळमध्ये लहान मुलगी, बरं का.

"मग बॅकअप कशाचा घ्यायचा, अण्णा? रिकाम्या डब्याचा?"

"गप गं, त्यांना कळतं," अप्पा म्हणाले.

"नक्को अप्पा! त्यात आजोबा आहेत!" असं म्हणून तिने मला त्याच्या हातातून ओढलंच.

बाहेर येऊन तिने माझी सूचना पहिल्यांदा पूर्ण उघडली. खाली मी केव्हापासून सांगत होतो, 'बॅटरी पुरेशी चार्ज होण्याची वाट पाहत आहे.' तिने मला उलटं केलं आणि आत डोकावली.

"शीऽऽ! अप्पा, याच्या तोंडात अख्खी पूजा आहे!"

अप्पांनी वास घेतला. "चंदन?" ते हसायला लागले आणि घराकडे वळले.

घरी मला बंद करून तिने लाकडी टूथपिकने हळूहळू कोरलं. वर्तमानपत्रावर काय काय पडलं ते सांगत नाही, तुम्ही जेवणार असाल. अप्पा तर उठूनच गेले. पण मग पिन आत बसली. टक्! आणि मी जेवलो, मित्रांनो, अक्षरशः हादडलं. पोट भरल्यावर बॅकअप आपोआप धावू लागला.

दुसऱ्या दिवशी श्रीरंजनीने आजोबांच्या पलंगाशी लॅपटॉप लावला. त्यातले आजोबा खणखणीत ओरडले, "अय्यो! ही कॉफी का भांडी धुतलेलं पाणी?" पलंगावरचे आजोबा बघत राहिले. तिने पुन्हा लावलं. पुन्हा. ओठ थरथरले, वाकडे झाले, लाळ गळली, आणि आवाज आला, "कॉ... फी."

अम्मा, म्हणजे तीच कॉफीवाली सून, रडत रडत स्वयंपाकघरात पळाली आणि कॉफी घेऊन आली. आजोबांनी एक घोट घेतला आणि इतकं वाईट तोंड केलं, की सगळं घर हसलं.

मित्रांनो, गंध लावायचंच असेल तर माझ्या कव्हरला लावा. आज घरातला जुना फोन उलटा करा आणि त्याच्या तोंडात बघा. किळस येईल, येऊ द्या. साफ करा, चार्जिंगला लावा. आणि त्याचं पोट भरेपर्यंत आजोबांशेजारी बसा, त्यांना बोलतं करा.