रश्शातला डिझेलचा वास

माझ्या नवऱ्याला बोटीला नावं ठेवलेली खपत नाहीत. बायकोला ठेवा, चालतं. त्यामुळे आम्ही बोटीवर विकतो त्या रश्शाला डिझेलचा वास येतो अशी काय-रांगच्या तरंगत्या बाजारात कुजबुज सुरू झाली, तेव्हा ह्यांनी आधी शेजारच्या बोटीवर ढकललं, मग नदीवर, मग माझ्यावर.

"दिएप, तू सुकं माखूळ जास्त घालतेस."

"अहो, माखळाला डिझेलचा वास कधीपासून यायला लागला?"

अननसवाले साउकाका आमच्याकडच्या शेवया आणि रस्सा पोटात गेल्याशिवाय होडी पुढे काढायचे नाहीत. तेसुद्धा "पोट बरं नाही" म्हणून निघून जायला लागले, तेव्हा माझा धीर सुटला. आमचा मुलगा हाउ जमिनीवर राहतो. बोट विका आणि माझ्याकडे या, म्हणून कधीचा मागे लागलाय. मी ह्यांना सांगून टाकलं, "तेतच्या सणापर्यंत वास गेला नाही तर बोट विकायची." हे इंजिनावरून हात फिरवत बसले. मलाच गलबलून आलं. लग्न होऊन मी ह्याच बोटीवर आले होते. पण रस्सा खपला नाही तर बोटीवर खायचं काय?

मग शोध सुरू झाला. माझे गुडघे धरायला लागल्यापासून ह्यांनी मला चुलीजवळ जुन्या फळ्यांचं बाकडं ठोकून दिलंय. टाकीतून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी त्याच्या फळीला लागूनच मागून जाते. रोज गिऱ्हाईक ओसरलं की हे म्हणायचे, "ऊठ, बाजूला हो," आणि तिथे आडवे व्हायचे. नळी पुसून तिच्यावर तांदळाचं पीठ भुरभुरायचे. डिझेल पाझरलं तर पीठ ओलं होणार. पीठ कोरडंच. टाकीपासून फिल्टरपर्यंत सगळे जोडही कोरडे. मी कामाला बसले की वास हजर.

"वास तुझ्या नाकात आहे."

"आणि पीठ माझ्या डब्यातलं!"

एक दिवस गुडघा इतका आखडला की मी उठलेच नाही. म्हटलं, शिरायचं तर खालून शिरा. हे पुटपुटत बाकड्याखाली गेले, पीठ टाकलं आणि बाहेरच येईनात.

"काय झालं? अडकलात?"

"जरा ऊठ... आता बस... परत ऊठ."

"माझ्या गुडघ्यांचं काय करायचं ठरवलंय?"

बाहेर आले तेव्हा मिशीला पीठ लागलं होतं आणि नजर खाली होती. मी बसले की फळी वाकायची, नळीवर दाब यायचा आणि तिची जुनी चीर उघडायची. उठले की बंद. रोज मला उठवून हे कोरडी नळी तपासत होते.

"माझंच बाकडं," हे म्हणाले आणि पक्कड उचलली. "काढूनच टाकतो."

"हात तर लावून बघा! हलवायची तर नळी हलवा."

ह्यांनी नवी नळी आणली, पलीकडच्या बाजूनं फिरवली, क्लिपा आवळल्या. बोटीचा तळ आम्ही दोघांनी साबणानं घासला. दुसऱ्या दिवशी साउकाकांनी वाटी आधी हुंगली, माझ्याकडे संशयानं बघितलं, मग रस्सा संपेपर्यंत मान वर केली नाही. वर आणखी एक वाटी मागितली.

संध्याकाळी हाउचा फोन आला. ह्यांनी फोनवर हात धरून मला विचारलं, "कधी येताय म्हणतोय. काय सांगू?"

मी चुलीपाशी बाकड्यावर पाय पसरून बसले होते.

"सांगा, आईला तिथे बसायला जागा नाही."