देव्हाऱ्यामागचा डबा

मंगळवारी कमलेशनं केसरला म्हसळ्याहून, तिच्या भावाच्या दारातून, केस धरून आणली. टेम्पोतून उतरवली आणि तिथंच अशी मुस्काटात ठेवून दिली, की तिचा पुढचा दात अंगणात वाळत घातलेल्या सुकटीत जाऊन पडला. बारा वर्षं संसार केला होता हो त्या बाईनं त्याच्याशी! दात शोधायला ती वाकली, तर पाठीत लाथ बसली.

रेवसच्या धक्क्याजवळचा तो कोळीवाडा. घराला घर लागलेलं, एका घरात ताटली पडली तर चार घरांत कळतं. केसरची किंकाळी ऐकू न यायला लोक काय बहिरे होते? पण कोणी आलं नाही. कधीच येत नसत. "घरचा मामला हाय त्यांचा," म्हणायचे आणि दारं लोटून घ्यायचे. शेजारची भाविकासुद्धा दार लोटून घ्यायची, आणि संध्याकाळी कमलेश बाहेर पडला की वाटीत हळद घेऊन यायची. केसरला त्या हळदीची चीड यायला लागली होती.

गुरुवारी घरात अलार्म बसवायला माणूस आला.

कमलेश किहीमच्या एका बंगल्यावर पापलेटं पोचवायला जायचा, तिथं त्यानं ते यंत्र पाहिलं होतं. बंगल्याचा मालक मुंबईत बसून फोनवरून घर उघडतो, बंद करतो, घरात बोलतो, हे पाहून त्याचे डोळेच चमकले. गावात त्यानं सांगितलं, चोऱ्या वाढल्यात. कोळीवाड्यात चोर! चोरणार काय, सुकट? पण कमलेश बोटीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, त्याच्या शब्दावर चार घरांच्या चुली पेटायच्या. त्याला खोटं कोण पाडणार?

अलार्मवाला विपुल अलिबागचा. अंगानं किडकिडीत, कामाला चोख. दाराला सेन्सर लावला, मागच्या दाराला लावला, बाहेर वळचणीखाली भोंगा ठोकला. मग हातातला स्क्रूड्रायव्हर थांबवून म्हणाला, "दादा, एक विचारू? हा अलार्म घरात कोणी नसताना लावतात. वहिनी घरात असताना लावून ठेवलात, तर त्या बाहेर कशा जाणार?"

"ती जात न्हाय कुठं," कमलेश म्हणाला.

विपुलनं केसरकडे पाहिलं. सुजलेला ओठ, काळानिळा डोळा, सगळं पाहिलं. केसरनंही त्याच्याकडे रोखून पाहिलं. बोल की, तिला म्हणायचं होतं, विचार की याला काय झालं म्हणून! पण विपुलनं मान खाली घातली आणि पुढचा स्क्रू पिळायला घेतला. यानंही दार लोटून घेतलं, केसरच्या मनात आलं.

राहिला तो फोनचा डबा. त्यात सिमकार्ड, आणि बोलायला-ऐकायला स्पीकर आणि माइक. "हा मी नेहमी देव्हाऱ्यामागं बसवतो," विपुल म्हणाला. "घरात घुसलेला चोर कपाट फोडेल, पण देवांना हलवणार नाही."

कमलेशला ते फार पटलं. देवाचं त्याला भारी. दर चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पालखीला जायचा, अनवाणी डोंगर चढायचा. त्यानं विपुलला देव्हाऱ्याला हात लावू दिला नाही. मोरीत जाऊन हात धुतले, पाट मांडला, त्यावर कोरं कापड अंथरलं आणि एकेक देव दोन्ही हातांनी उतरवला. आधी मारुती, मग खंडोबाचा टाक, मग त्याच्या आईची अन्नपूर्णा, शेवटी एकवीरेचा चांदीचा मुखवटा. कुठं टेकू नये, कुठं खरचटू नये, म्हणून श्वास रोखून. केसर दारात उभी राहून बघत होती. तोच हात! दोन दिवसांपूर्वी दात पाडणारा तोच उजवा हात. किती हळू चालत होता.

डबा बसला, देव पुन्हा जागेवर गेले. विपुल समजावून सांगायला लागला. "या नंबरवर फोन केलात की हा उचलतो. कोड टाकायचा. मग हाच बोलतो, एक दाबा, अलार्म चालू. दोन दाबा, बंद. तीन दाबा, घरातलं ऐका आणि घरात बोला. तुम्ही घरी आलात की आधी गल्लीतूनच फोन करून बंद करायचा. विसरलात, तर दार उघडल्यावर एक मिनिट मिळेल. मिनिट संपलं की भोंगा, आणि तुम्ही दिलेल्या नंबरांना एकदम फोन. तुमच्या आवाजातला निरोप वाजेल. उचलणाऱ्यानं एक दाबला की निरोप पोचला असं समजून हा गप्प बसतो, भोंगाही थांबतो. तोवर ओरडतच राहणार."

निरोप रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा कमलेशनं घसा खाकरला. केसरचा कोणी यार आहे, हे त्यानं डोक्यात घेतलं होतं. कोण, कुठला, त्यालाही माहीत नाही. पण त्या नसलेल्या माणसासाठी तो बोलला, "मी कमलेश तांडेल. माज्या घरात मानूस शिरलाय. हत्यार घेऊन धावा. घरात सापडंल त्याला सोडू नका. हातपाय मोडा, काय झालं तर मी बघून घेईन."

"एवढं नको हो दादा," विपुल हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "लवकर या, एवढं पुरे."

"घर माजं, आवाज माजा. तुला काय?"

मग नंबर. कमलेशनं आपल्या बोटीवरच्या तिघांचे दिले, सदाचा, रघूचा आणि दत्तात्रेयचा. धिप्पाड गडी, हाक मारली की उभे राहणारे. विपुल म्हणाला, "एकदा तिघांना फोन लावून बघू. टेस्ट केल्याशिवाय मी काम सोडत नाही."

"उगाच गावभर बोंब नको. लागतात ते फोन. तू चल."

केसरनं ते ऐकलं आणि जीभ आवरली. कारण कोळीवाड्यात शेंबडं पोरही सांगेल, फेरीला निघालेला खलाशी फोन घरी ठेवून जातो. खोल समुद्रात रेंज नाही, वर खारं पाणी. हजारोंचा फोन कोण बुडवेल? सदाचा फोन घरात, त्याच्या बायकोच्या, भाविकाच्या हाताशी खिळ्याला लटकलेला असायचा, रघूचा त्याच्या बायकोच्या पोलक्यात. एकटा तांडेल तेवढा आपला फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेतो, म्हणून बाकीच्यांचं कमलेशच्या ध्यानातच आलं नाही. बोट समुद्रात असेल, तेव्हा ते तिन्ही फोन बायकांच्या हातात. पण केसर काही बोलली नाही. बोलून काय, बायका येऊन काय करणार होत्या? हळद लावणार होत्या.

त्या दिवसापासून ते घर तिला तुरुंग झालं. बोट खाडीतून निघाली की पहिला फोन. एकवीरेच्या मुखवट्यामागून त्याचा आवाज यायचा, "केसर, हाय का?" तिनं असेल तिथून धावत यायचं आणि म्हणायचं, "हाय." अर्ध्या तासानं पुन्हा. "हाय." रेंज संपेपर्यंत हेच. आधी केसर रोज देवीपुढं उभी राहून दोन शब्द बोलायची, आपलं रडगाणं सांगायची. आता तिनं तेही सोडलं. देवीच्या तोंडून नवराच बोलायला लागला, तर बाईनं गाऱ्हाणं न्यायचं कुठं? फेरी दोन-तीन दिवसांची असायची. पाणी, सरपण, सगळं तो आधीच भरून ठेवायचा. "दार उघडलंस नि भोंगा वाजला, तर तंगडं तोडून हातात देईन," एवढं सांगून जायचा. तो सांगतो ते करतो, याचा दाखला तिच्या तोंडातच होता.

तिसऱ्या फेरीला बोटीचं इंजिन बंद पडलं. बोट नांगरून, तिघांना तिच्यावर ठेवून कमलेश दुसऱ्या बोटीनं एकटाच परत आला. सुटा भाग आणि मेकॅनिक न्यायला. दुपारची वेळ. धक्क्याच्या जवळ रेंज आली तसा त्यानं फोन लावला, तीन दाबला. "केसर, हाय का?"

केसर मोरीत होती. डोक्यावर पाणी, बाहेर काय चाललंय काही ऐकू येईना. त्यानं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. प्रत्येक वेळी त्याला घरातून नुसता पाण्याचा आवाज ऐकू आला, आणि त्याच्या डोक्यात तो नसलेला यार उभा राहिला. धक्क्यापासून घरापर्यंत तो धावत आला. गल्लीतून फोन करायचा, अलार्म बंद करायचा, कसलं काय! चावी फिरवली, दार लाथेनं उघडलं आणि आत येऊन कडी घातली.

केसर ओल्या लुगड्यानं मोरीतून बाहेर येत होती. "कुठं हाय तो?" कमलेश ओरडला.

"कोण? अवो, मी अंघोळ—"

पहिला गुद्दा पोटात बसला. ती दुमडली, तसा त्यानं ओल्या केसांचा वेढा हाताला घेतला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. चुन्यावर रक्त उमटलं. ती खाली पडली तर बरगडीत लाथ, आणि आतून काडकन आवाज आला, तो दोघांनीही ऐकला. "बोल, कुठं लपवलास?" त्यानं वाळत घालायची काठी उचलली. पहिला फटका तिनं हातावर झेलला, दुसरा खांद्यावर बसला. आज हा मला मारून टाकणार, केसरला स्वच्छ कळलं. दुसऱ्या कुणाला होतंय असं शांतपणे कळलं. तिनं किंकाळी फोडली. शेजारी दार लोटल्याचा आवाज आला.

आणि मिनिट संपलं.

भोंगा असा कडाडला की वळचणीवरचे कावळे उडाले. कमलेशच्या हातातली काठी थांबली. त्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला, कोड टाकायला लागला. केसर खालून उठली कशी, तिचं तिलाच माहीत. त्याच्या हातावर झडप घातली, फोन हिसकला आणि कोपऱ्यातल्या भरल्या हंड्यात बुडवला.

"तुजी आयला!" त्यानं तिला उलट्या हातानं फेकली. ती दाराशी जाऊन पडली. तो डबा उपटायला देव्हाऱ्याकडे वळला, हात उगारला आणि तसाच थांबला.

समोर देव होते.

आता नवल नाही तर काय म्हणावं! बायकोचं डोकं भिंतीवर फोडताना ज्याचा हात अडला नाही, तो तिथं अडला. काठी टाकली. तळव्यावर केसरचं रक्त होतं, ते सदऱ्याला पुसलं. पाट ओढला. मारुती उतरवला. भोंगा ओरडतोय, कानठळ्या बसताहेत, आणि हा दोन्ही हातांनी खंडोबाचा टाक उतरवतोय. अन्नपूर्णा उतरवली. केसर भिंतीला धरून उभी राहिली. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्यानं एकवीरेचा मुखवटा हातात घेतला, तेव्हा केसरनं कडी काढली.

दाराबाहेर भाविका होती. एका हातात मासे कापायची कोयती, दुसऱ्या हातात सदाचा फोन. तिच्यामागं रघूची बायको वल्हं घेऊन, दत्तात्रेयची बायको मुसळ घेऊन, आणि त्यांच्यामागं साऱ्या आळीच्या बायका. फोनमधून कमलेशचाच आवाज येत होता, "घरात सापडंल त्याला सोडू नका. हातपाय मोडा."

बायका आत आल्या. भिंतीवरचं रक्त पाहिलं. केसरला पाहिलं. मग कमलेशला पाहिलं.

"अगो, मीच हाय!" कमलेश ओरडला. "चोर न्हाय कोणी. मीच हाय, जा घरी!"

"व्हय, दिसतंय ना," भाविका म्हणाली. "बारा वर्सं आमी ऐकतोय. घरचा मामला म्हनून आलो न्हाय. लाज वाटते रं आता त्याची. आज तूच बोलावलंस."

तिनं कोयती कमरेला खोचली, पुढं होऊन दोन्ही हातांनी त्याच्याकडून देवीचा मुखवटा घेतला आणि देव्हाऱ्यात जागेवर ठेवला. कमलेशनं तो मुकाट दिला. देवी हातात असताना तो हिसका तरी कसा देणार?

मग रघूच्या बायकोचं वल्हं त्याच्या गुडघ्यावर बसलं.

तो कोसळला. उठायला गेला तर पाठीत मुसळ. कुणी केस धरले, कुणी मानेवर पाय दिला. तो आई-बहिणीवरून शिव्या देत होता, मग नुसता ओरडत होता, मग "मेलो, मेलो" म्हणायला लागला. आळीतली दारं उघडी होती आणि दारांत म्हातारेकोतारे उभे होते. कोणी पुढं आलं नाही.

"बस," केसर म्हणाली. बायका थांबल्या. तिनं खाली पडलेली काठी उचलली. बरगडीतून कळ गेली, पण तिनं दोन्ही हातांनी काठी धरली. कमलेशचा उजवा हात पाटाजवळ पसरला होता, मारुतीच्या शेजारी. केसरनं आधी मारुती उचलून बाजूला ठेवला. मग काठी मनगटावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज भोंग्यातही ऐकू आला.

भाविकाच्या हातातला फोन अजून बोलतच होता. मी कमलेश तांडेल. माज्या घरात मानूस शिरलाय. केसरनं हात पुढं केला, फोन मागून घेतला. रक्तानं बोट निसरडं झालं होतं, ते तिनं लुगड्याला पुसलं आणि एक दाबला.

भोंगा थांबला. केसर उघड्या दारातून बाहेर गेली आणि अंगणात सुकटीपाशी बसली. भाविका तिच्यामागं आली. या वेळी तिच्या हातात हळद नव्हती. "म्हसळ्याला भावाला फोन लाव," केसर तिला म्हणाली. "आनि पोलिसांना पन. मी बोलते."