ओ निगेटिव्हची यादी

तुळशीराम सौंसरहून मोटरसायकलनं पांढुर्ण्याला पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्याची बहीण वंदना सकाळी सौंसरच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ ठीक होतं, पण वंदनाचा रक्तस्राव थांबत नव्हता. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. घरात कोणाचंच जुळलं नाही.

रक्तगटांची यादी पांढुर्ण्यात, रघुनाथरावांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये होती. त्या वर्षी, एकोणनव्वदच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या शिबिरात दोनशे चौदा जणांचं रक्त तपासलं होतं. कार्डं ज्याची त्याला वाटून टाकली. नावं मात्र तिथं शिकवणाऱ्या इंदू मेश्रामनं कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती.

इंदूनं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, बॅटरी संपली, हार्ड डिस्क नाही.

"नाही म्हंजे?" तुळशीरामनं विचारलं.

"डिस्क हाय, भाऊ. पण आठवण ठेवणारी आतली बॅटरी संपली, म्हून डिस्क कोन्त्या नंबरची हाय, हे मशीन विसरली. तो नंबर पुन्हा भरा लागते."

"हात लावू नको," रघुनाथराव म्हणाले. "परवा नागपूरचा इंजिनियर येते."

इंदूनं तुळशीरामच्या बाहीवरचा रक्ताचा डाग पाहिला. "काका, तिच्यापाशी परवा नाही."

"अन् डिस्क बिघडली त?"

"त मले काढून टाका."

तिनं प्लग काढला, पेचकसनं कॉम्प्युटरचा डबा उघडला. डिस्कवरच्या चिठ्ठीवर तिच्या मापाचे दोन आकडे होते: आठशे वीस आणि सहा. ते तिनं तळहातावर लिहून घेतले. मशीन पुन्हा सुरू करून ती सेटिंगच्या पानावर गेली आणि एकेक नंबर पुढं सरकवू लागली. प्रत्येक नंबरासमोर दोन आकडे उमटत होते. दहावर आठशे वीस आलं.

"हाच का?" रघुनाथराव वाकले.

"नाही. इथं तीन हाय. सहा पायजे."

वीस. तीस. तुळशीराम भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता. चाळीसवर आठशे वीस आलं, त्याच्यापुढं सहा. तिनं सेटिंग जतन केली. डिस्क घरघरली. यादीचं नाव टाईप करत होती, तेवढ्यात पंखा मंदावला आणि पडदा काळा झाला. लाईट गेली होती.

तुळशीराम दारात जाऊन उभा राहिला. बाहेरून संत्र्याचे ट्रक जात राहिले.

वीस मिनिटांनी लाईट आली. मशीन सगळं विसरली होती, पण इंदूला चाळीस पाठ होतं. तिनं नंबर दोनदा वाचला, मगच बटण दाबलं.

दोन नावं निघाली. श्रावण मास्तर इटारसीला गेलेले. दुसरी जयवंता, नदीपलीकडं सावरगावची.

तुळशीराम पोचला तेव्हा ती शेतात कापूस वेचत होती. त्यानं सांगितलं तशी ओटीतला कापूस बांधावर ओतून ती मोटरसायकलवर बसली.

साडेचारला सौंसरहून फोन आला. रघुनाथरावांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला.

"रक्त चढून राहिलं. वंदनानं डोळे उघडले म्हनते."

इंदूनं टेबलावर डोकं टेकलं.

"आता तरी बंद कर ते," रघुनाथराव म्हणाले.

"नाही काका. सगळी यादी कागदावर उतरल्याबिगर आज बंद नाही होत." तिनं नवी वही उघडली.

रघुनाथरावांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि वही आपल्याकडं घेतली. "सांग. मी लिहितो."

"अंबादास रामटेके, बी पॉझिटिव्ह," इंदू वाचू लागली.