एक टोक इकडे, एक टोक तिकडे

मित्रांनो, माझे एक टोक कॅनडात आहे आणि दुसरे अमेरिकेत. म्हणून मी कोणी फार मोठी आहे असे समजू नका. दोन माणसे पायाला पाय लावून झोपतील, एवढीच माझी लांबी. मी एक जुनी लाकडी डोणी आहे. गुरांच्या पाण्याची नव्हे हं! माझ्यात बर्फ भरतात आणि त्यावर मेपलच्या रसाचा कढत पाक ओततात. पाक गार होऊन चिवट झाला की तो काटकीला गुंडाळून खायचा आणि तोंडाला मिठी बसली की खारवलेली काकडी चावायची.

माझा जन्म भांडणातून झाला. वादळात एक झाड उन्मळून पडले. मुळे कॅनडात, शेंडा अमेरिकेत.

"झाड माझं," तेओफिल सुतार म्हणाला.

"आणि कोबी कोणाचा चेपला? माझा!" पलीकडचा शेजारी ओरडला.

दिवसभर भांडून दोघे दमले आणि शेवटी त्यांनी मला पडल्या जागीच कोरले. तेव्हा आमच्या गल्लीतली सीमा म्हणजे नुसता एक दगड होता. त्यावर बहुधा कोंबडी बसलेली असे.

तेओफिलला दोन मुली होत्या. थोरली इमेल्दा त्याच शेजाऱ्याची सून झाली. धाकटी लेओनी माहेरच्याच घरात राहिली. दर वसंतात दोघी माझ्या दोन टोकांना उभ्या राहत. पाकाची एक लांब पट्टी ओतायची आणि दोघींनी आपापल्या टोकाकडून ती गुंडाळत यायची. जी आधी मधोमध पोहोचेल, तिला शेवटचा घास. इमेल्दा दरवर्षी जिंके.

"तुझा हातच लबाड आहे!" लेओनी फणकारे.

"आणि तुझं तोंड!" इमेल्दा घास चघळत म्हणे.

माझे ते दिवस सोन्याचे होते. मग काळ बदलला. गल्लीत आडव्या रेषेत फुलझाडांच्या जड कुंड्या आल्या. पलीकडे जायचे तर टेकडीवरच्या चौकीला वळसा घालून कागद दाखवायचे. लेओनीच्या गुडघ्यांना ती चढण झेपेना. मला इमेल्दाच्या लाकडांच्या खोपटात ढकलले गेले. बहिणी कुंड्यांवरून ओरडून बोलत. पुढे इमेल्दाने अंथरूण धरले आणि तेही थांबले. डॉक्टर म्हणाले, येणारा वसंत तिचा शेवटचा. त्या एकाच गल्लीत, समोरासमोर राहून, दोघी एकमेकींना पाहायच्या राहिल्या होत्या.

त्या मार्चमध्ये इमेल्दाची नात कोरीन दूरच्या शहरातून गावी आली. सरपण संपले होते. ती कुऱ्हाड घेऊन खोपटात शिरली.

"आजी, इथे शवपेटीसारखं काहीतरी पडलंय. फोडू का चुलीला?"

"हात तर लावून बघ! आधी मला फोड!" आतून इमेल्दा कडाडली. किती दिवसांनी तिचा आवाज चढला होता! मग तिने कोरीनला सगळे सांगितले.

दुसऱ्या दिवशी कोरीनने मला घासले, तेलाचा हात दिला आणि ओढत नेऊन दोन कुंड्यांच्या फटीतून पलीकडे सरकवले. आजीला तिने चाकाच्या खुर्चीत बसवून आणले आणि पलीकडे हाक मारून लेओनीलाही बोलावले. तोच गस्तीवरचा अमेरिकन शिपाई प्रुएट आला. तो दूर दक्षिणेतला होता.

"अहो, हे काय? पलीकडे काही द्यायचं नाही!"

"देतंय कोण?" लेओनी तिकडून म्हणाली. "ही जन्मली तेव्हापासून दोन्हीकडे आहे. झाड आमचं, कोबी त्यांचा."

झाडाची गोष्ट ऐकून प्रुएटने डोके खाजवले. "बरं. पण कोणी पाऊल टाकायचं नाही, हातातून हातात काही जायचं नाही."

"आणि बर्फ?"

"बर्फ ज्याचा त्याचा!"

झाले! दोन्ही टोकांना ज्याच्या त्याच्या देशाचा बर्फ भरला. दोघींकडून पाक ओतला गेला आणि दोन्ही धारा माझ्या मधोमध येऊन चिकटल्या. प्रुएट आभाळाकडे पाहत राहिला.

लेओनी भराभर गुंडाळत आली आणि मध्याच्या बोटभर अलीकडे थांबली. इमेल्दा अजून खूप मागे होती.

"थांबलीस का गं? दया करतेस?"

"दया कसली! काकडी शोधतेय."

हळूहळू इमेल्दाची काटकी आली आणि लेओनीच्या काटकीला टेकली.

"जिंकले!" ती म्हणाली. पण घास तिने खाल्ला नाही. तिने तो माझ्या मधोमध बर्फावर ठेवला. "साहेब, आता हा कोणाच्या देशात?"

"मला चष्मा लागतो," प्रुएट म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा घास लेओनीला मिळाला. ती रडत रडत खात होती आणि इमेल्दा हसत होती.

इमेल्दा त्या उन्हाळ्यात गेली. आता दर मार्चला कोरीन येते, मला तेल लावते आणि आजीच्या टोकाशी उभी राहते. प्रुएट काकडी घेऊन हजर असतो. मी या सगळ्यांची ऋणी आहे.

म्हणून मित्रांनो, घरातले जुने लाकूड फोडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. कोरीनने विचारले, म्हणून मी आहे. परवाच ती भराभर गुंडाळत आली आणि मध्याच्या बोटभर अलीकडे थांबली. पलीकडून लेओनीचा कापरा आवाज आला, "थांबलीस का गं?"

"काकडी शोधतेय," कोरीन म्हणाली.